भिंतीमागची माती : कोबे, १७ जानेवारी १९९५

सोमवार, १६ जानेवारी, संध्याकाळी ६:२८. अकरा तास अठरा मिनिटे शिल्लक.

अकाशीच्या सामुद्रधुनीखाली एक बारीक हादरा बसला. जपानच्या हवामान खात्याच्या यंत्रांनी तो टिपला, त्या रात्री तसेच आणखी काही किरकोळ हादरे टिपले, आणि प्रकरण तिथेच मिटले. जपानमध्ये असल्या हादऱ्यांना कोणी जेवणाच्या ताटावरून उठत नाही. त्यातून कोबे-ओसाकाचा पट्टा भूकंपाच्या बाबतीत शांत समजला जाई. मोठा भूकंप यायचा तो टोकियोकडे, अशी तिथली सर्वसाधारण समजूत. मुख्य धक्का बसून जाईपर्यंत कोणत्याही हादऱ्याला पूर्वधक्का म्हणता येत नाही, हीच पूर्वधक्क्यांची अडचण आहे.

दिवस सुट्टीचा होता. रविवारी १५ तारखेला सज्ञान झालेल्या तरुण-तरुणींचा राष्ट्रीय दिवस होता, म्हणून सोमवारी बदली सुट्टी. सामुद्रधुनीवरच्या झुलत्या पुलाचे मनोरे उभे होते, केबल ओढून झाल्या होत्या, रस्ता टांगायचा बाकी होता. तिकडे ओसाकात अमेरिकेतले आणि जपानमधले भूकंप अभियंते जमले होते. शहरांना असलेला भूकंपाचा धोका कसा कमी करावा या विषयावर त्यांची संयुक्त परिषद दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, सुरू होणार होती.

रात्री ९. पावणेनऊ तास शिल्लक.

या वेळी काहीही घडत नव्हते. पूर असेल तर पाणी चढताना दिसते, वादळ असेल तर उपग्रहावर दिसते. भूकंपाच्या घटनाक्रमात आधीचे तास रिकामेच असतात. जे व्हायचे त्याची तयारी कित्येक वर्षे आधी होऊन गेलेली असते. म्हणून या रिकाम्या तासांत कोबेच्या भिंतींमागे आणि भिंतींखाली काय भरलेले होते, ते पाहून घेऊ.

कोबे म्हणजे रोक्कोचे डोंगर आणि ओसाकाचा उपसागर यांच्यामधली चिंचोळी पट्टी. मुंबईशी या बंदराची ओळख जुनी आहे. जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कंपनीने १८९३ मध्ये मुंबईच्या कापसासाठी जहाजसेवा सुरू केली, तिचे पहिले जहाज कोबेहूनच सुटले. पुढे बंदर वाढले, पट्टी वाढेना. तेव्हा नगरपालिकेने डोंगर तोडून समुद्रात टाकायचे ठरवले. ‘डोंगर निघाला समुद्राला’ अशा अर्थाची घोषणाच तिथे प्रसिद्ध झाली. सुमा भागात सुमारे १४.५ किलोमीटर लांबीचा वाहक पट्टा बसवला. डोंगरातली माती त्यावरून किनाऱ्याला येई आणि तिथून बार्जमध्ये भरून समुद्रात ओतली जाई. सपाट झालेल्या डोंगरावर वसाहती झाल्या, समुद्रात बेटे झाली. १९६६ ते १९८१ या काळात ४३६ हेक्टरचे पोर्ट आयलंड उभे राहिले. त्याला सुमारे ८ कोटी घनमीटर भराव लागला. मग त्याहून मोठे रोक्को आयलंड.

एका दगडात दोन पक्षी मारल्याचे कौतुक त्या काळी खूप झाले, आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. प्रश्न होता तो मातीचा.

ही माती म्हणजे कुजलेल्या ग्रॅनाइटचा भुगा. जपानीत तिला ‘मासादो’ म्हणतात. आपला रस्त्यावरचा कंत्राटदार तिला मुरूमच म्हणेल. बारीक कणांपासून खड्यांपर्यंत सगळे आकार तिच्यात मिसळलेले. १९६४ च्या निइगाता भूकंपात वाळू पातळ होऊन इमारती कलंडल्या होत्या, पण ती वाळू एकसारख्या बारीक कणांची, नदीकाठची होती. खडे मिसळलेला मुरूम तसा वागणार नाही, असे अभियंत्यांना त्या काळी वाटत होते. म्हणून बेटांचा बहुतेक भराव ओतला तसाच राहिला. काही भागांत मात्र तो दाबून, ठोकून घट्ट केला होता. हा फरक लक्षात ठेवावा, सकाळी त्याचा हिशेब होणार आहे.

आता धक्के, म्हणजे जहाजे लागतात त्या भिंती. काँक्रीटच्या प्रचंड पोकळ पेट्या ओळीने समुद्रतळावर बसवायच्या आणि आत वाळू भरायची, की झाली भिंत. तिला नांगर नाही, खांब नाही. ती उभी राहते ती निव्वळ वजनावर. पण कोबेच्या समुद्रतळाशी मऊ चिखल होता. पेटी त्यात रुतली असती, म्हणून तो चिखल उपसून काढला आणि त्या चरात पुन्हा मुरूमच भरला. त्यावर दगडांचा थर, त्यावर पेटी. म्हणजे भिंतीच्या पाठीशी मुरूम आणि पायाखालीही मुरूम, दोन्ही पाण्याने तुडुंब भिजलेले.

मध्यरात्र. पावणेसहा तास शिल्लक.

भिंतीमागची माती स्वस्थ उभी असते तेव्हाही ढकलत असते. भिंत जराशी पुढे झुकली की मागे तिरप्या रेषेने मातीची एक पाचर सुटते आणि खाली सरकू पाहते. या पाचरीचे गणित फ्रान्सच्या कूलाँने १७७६ मध्ये मांडले; आजही ते शिकवले जाते. भूकंपाचा विचार त्यात नव्हता. तो घालावा लागला १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपानंतर. टोकियो-योकोहामा उद्ध्वस्त झाले तेव्हा भिंतीही पडल्या होत्या. ओकाबे यांनी १९२४ मध्ये सिद्धांत मांडला. नागाहो मोनोनोबे आणि मात्सुओ यांनी वाळू भरलेली पेटी यंत्रावर हलवून दाब मोजला आणि १९२९ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. युक्ती सोपी होती. भूकंपात माती आडवी ढकलली जाते ना, मग तो धक्का पाचरीच्या वजनाचा ठरावीक अंश समजायचा, कायम एकाच दिशेने लावायचा, आणि कूलाँचेच गणित पुन्हा करायचे. मोनोनोबे-ओकाबे या नावाने ही पद्धत जगभर गेली. आपल्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या वर्गातही ती असते.

आकडे घालून पाहू. चांगली कोरडी वाळू घेतली (घर्षणकोन ३५ अंश, भिंत गुळगुळीत) तर शांत अवस्थेत मातीच्या दाबाचा गुणक सुमारे ०.२७ येतो. आडवा धक्का वजनाच्या ०.२ पट धरला की तो ०.४० होतो. ०.४ पट धरला की ०.५८, म्हणजे दुपटीहून जास्त. सहा मीटर उंचीच्या भिंतीवर प्रत्येक मीटर लांबीला जिथे ९ टन दाब होता तिथे १९ टन. शिवाय हा वाढीव दाब तळाशी न लागता वरच्या अंगाला लागतो, त्यामुळे भिंत उलटण्याची शक्यता आणखी वाढते.

पण या गणिताला एक कडा आहे. धक्का ०.७ पटीच्या पुढे नेला की वर्गमुळाच्या चिन्हाखाली उणे संख्या येते आणि सूत्र उत्तर देणे थांबवते. सूत्राच्या भाषेत याचा अर्थ असा, की एवढ्या धक्क्यात ती पाचर कोणत्याही तिरप्या रेषेवर थांबूच शकत नाही. तेव्हा ही कडा कोणाला सतावत नव्हती, कारण प्रत्यक्षात कोणी तिच्या जवळपासही जात नसे. कोबेचे बहुतेक धक्के ०.१० ते ०.१८ एवढा गुणक धरून बांधलेले होते. सूत्रातली वाळूही कोरडी होती. पाणी हिशेबात घ्यायच्या रीती होत्या, पण मातीच पातळ होईल हे त्या रीतींत बसत नव्हते.

अपवाद एकच. बंदराच्या माया भागात तीन धक्के मुद्दाम ०.२५ चा गुणक घेऊन बांधले होते, भूकंपानंतर मदतीची जहाजे कुठेतरी लागली पाहिजेत म्हणून. एवढ्या मोठ्या बंदरात तीन. खर्चाचा प्रश्न होता, आणि शांत समजल्या जाणाऱ्या पट्ट्यात तो प्रश्न नेहमीच जिंकतो.

मंगळवार, १७ जानेवारी, पहाटे २. पावणेचार तास शिल्लक.

शेवटच्या गाड्या कधीच्या गेल्या होत्या. कोबेतून तीन-चार लोहमार्ग एकमेकांना समांतर धावतात, आणि दाट वस्तीतून जाताना बऱ्याच ठिकाणी ते उंच भरावावर आहेत. जागा कमी, म्हणून भरावाला उतार द्यायची सोय नाही. दोन्ही बाजूंना उभ्या संरक्षक भिंती. त्यातल्या कित्येक साठ-साठ वर्षांच्या जुन्या, सळई नसलेल्या काँक्रीटच्या, केवळ जाडीवर भिस्त ठेवून उभ्या. इशियागावा स्थानकाजवळच्या भिंती या प्रकारातल्या. शिन-नागाताकडे सळईच्या, तळाला पसरट पाय असलेल्या नव्या भिंती होत्या.

आणि तानाता नावाच्या जागी एक वेगळीच भिंत होती, १९९२ मध्ये बांधलेली. तिच्यामागच्या मातीत प्लास्टिकच्या जाळ्या, ज्यांना जिओग्रिड म्हणतात, थराथराने अंथरल्या होत्या. आधी भराव पूर्ण करायचा, तो बसू द्यायचा, आणि मग दर्शनी बाजूला काँक्रीट ओतून जाळ्यांची टोके त्यात धरायची. टोकियो विद्यापीठाचे फुमिओ तात्सुओका आणि रेल्वेच्या संशोधकांनी ही पद्धत विकसित केली होती. उंची जास्तीत जास्त ६.२ मीटर, पायाखाली खांब नाहीत. स्वस्त असल्यामुळे वापरली जाई. पण शहराच्या थेट खाली होणाऱ्या भूकंपातून अशी भिंत तोवर कधी गेलेली नव्हती, त्यामुळे तिच्याकडे साशंकतेने पाहणारे पुष्कळ होते.

पहाटे ४:३१. सव्वा तास शिल्लक.

बरोबर एक वर्षापूर्वी, १७ जानेवारी १९९४ रोजी, लॉस एंजेलिसच्या घड्याळात ४:३१ वाजता नॉर्थरिजचा भूकंप झाला होता. ओसाकात झोपलेल्या पाहुण्यांपैकी अनेकांनी ते वर्ष त्याच भूकंपाचे नुकसान अभ्यासण्यात घालवले होते. महामार्गाचे पूल तिथे कोसळले तेव्हा जपानमध्ये असे होणार नाही, असे काही जपानी अभियंते उघडपणे म्हणाले होते.

पहाटे ५:२६. वीस मिनिटे शिल्लक.

पौषी पौर्णिमा याच सुमाराला पूर्ण झाली. सूर्योदयाला दीड तासाहून जास्त वेळ होता. महाराष्ट्रात रात्रीचे दोन वाजायला चार मिनिटे कमी. कोबेत पाव भाजणारे, दूध-वर्तमानपत्रवाले उठले होते. तीन दिवसांच्या सुट्टीनंतरचा पहिला कामाचा दिवस. शिन-ओसाकाहून दिवसाची पहिली शिंकान्सेन ६ वाजता सुटायची होती.

५:४६:५२.

आवाजी बेटाच्या उत्तर टोकाजवळ, सुमारे १६ किलोमीटर खोल, प्रस्तर सरकला. फाट दोन्हीकडे धावली : एक नैर्ऋत्येला आवाजीच्या जमिनीवर, एक ईशान्येला थेट कोबे शहराखालून. जपानी मापनाप्रमाणे महत्ता (मॅग्निट्यूड) ७.३, भूकंप-आघूर्णाच्या मापाने ६.९.

पुढचे पाच-सहा सेकंद.

आधी उभा दणका देणाऱ्या वेगवान लाटा पोचल्या, मागोमाग आडव्या हलवणाऱ्या. कोबेच्या वेधशाळेत आडवे त्वरण ८१८ गॅलपर्यंत गेले, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.८३ पट. सूत्राची ०.७ ची कडा ओलांडली गेली. खऱ्या मातीला वर्गमूळ काढायचे नसते; ती सरकते.

कशी सरकते, हे सांगण्यासाठी इथे थोडे थांबायला हवे, कारण भिंतीच्या बाबतीत भूकंपातले सगळे मर्म यात आहे. जमीन मागे-पुढे हलते, पण भिंत पुढेच जाते. जमीन डोंगराकडे झटका घेते तेव्हा भिंत आणि मागची पाचर जडत्वाने समुद्राकडे राहतात. फट पडते, पाचर त्या फटीत उतरते. पुढच्या क्षणी जमीन उलट झटका घेते, पण आता भिंतीला मागे जायला जागा उरलेली नाही. फटीत माती बसली. पुन्हा झटका, पुन्हा थोडी पुढे. न्यूमार्क यांनी १९६५ मध्ये धरणांच्या उतारांसाठी हे सरकणे मोजायची पद्धत दिली होती. तिच्यामागचा विचार असा, की कमाल धक्का क्षणभरच टिकतो, तेव्हा भिंत पडेल का यापेक्षा ती एकूण किती पुढे जाईल हे विचारावे. मोनोनोबे-ओकाबेच्या सूत्राला हा प्रश्नच माहीत नाही. त्याच्या हिशेबी धक्का एकाच दिशेला आणि कायमचा असतो.

पुढचे पंधरा सेकंद.

लोहमार्गांवर इशियागावाच्या जुन्या भिंती उलटल्या. काही जमिनीच्या पातळीलाच मोडल्या. भराव रस्त्यावर आला, रूळ हवेत लोंबकळले. सळईच्या भिंती झुकल्या, तडकल्या, पण बहुतांशी जागेवर राहिल्या.

बंदरात याहून वाईट घडत होते, आणि ते दिसत नव्हते. पायलीत धान्य भरून हलवले की ते खाली बसते. मुरुमाचेही तेच व्हायचे असते, पण त्याच्या कणांमध्ये पाणी होते आणि वीस सेकंदांत ते पाणी बाहेर पडू शकत नाही. कण बसू पाहतात, पाणी दबते, कणांनी एकमेकांवर टेकवलेला भार पाणी उचलते, आणि कण एकमेकांपासून सुटतात. ज्या घर्षणावर सूत्रातला ३५ अंशांचा कोन उभा होता, ते घर्षणच संपत जाते. उरतो तो खड्या-मातीचा जड रस्सा, आणि तो कोरड्या मातीच्या कितीतरी पट जोराने ढकलतो.

पोर्ट आयलंडच्या पोटात नगरपालिकेने भूकंपमापके पुरून ठेवली होती : पृष्ठभागावर, १६, ३२ आणि ८३ मीटर खोलीवर. त्यांच्या नोंदी भूकंपशास्त्रात आता प्रसिद्ध आहेत. उत्तर-दक्षिण दिशेने ८३ मीटर खाली त्वरण होते ६७९ गॅल. पृष्ठभागावर फक्त ३४१. वर येता येता हादरा निम्मा झाला होता, कारण मधल्या पातळ झालेल्या मातीला आडवा धक्का वर पोचवण्याइतकी ताकदच उरली नव्हती. यामुळे बेटांवरच्या, खोल खांबांवर उभ्या असलेल्या इमारती मोठ्या प्रमाणावर वाचल्या. मेले ते मुख्यतः जुन्या शहरात. तिथल्या लाकडी घरांवर मातीत बसवलेली जड कौले होती, आणि सव्वा वर्षापूर्वी किल्लारीच्या भूकंपात माळवदांच्या मातीने केले तेच त्यांनी केले. म्हणजे पाण्याने भिजलेल्या मुरुमाने एकाच वेळी इमारती वाचवल्या आणि भिंती घालवल्या. भिंतीच्या वाट्याला मात्र हा मऊपणा दोन्हीकडून आला. मागून रस्सा ढकलत होता, समोरच्या समुद्राचा आधार हेलकाव्यासरशी कमी-जास्त होत होता, आणि ज्यावर उभे राहायचे तो चरातला मुरूमही ढिला पडत होता.

५:४७ च्या सुमाराला.

मुख्य हालचाल थांबली. पेट्यांच्या भिंती सरासरी ३ मीटर, काही ठिकाणी ५ मीटर समुद्राकडे गेल्या होत्या. एक ते दोन मीटर खचल्या होत्या आणि सुमारे ४ अंश झुकल्या होत्या. त्यांच्यामागे जमिनीत लांबलचक खाई पडली. कंटेनर उचलणाऱ्या याऱ्यांचा एक पाय भिंतीवरच्या रुळावर आणि दुसरा मागच्या जमिनीवरच्या रुळावर असतो. भिंत पुढे गेल्यावर याऱ्यांचे पाय फाकले आणि मोडले.

सकाळी ६.

शिंकान्सेन सुटली नाही. तिच्या मार्गावरचे उन्नत पूल कित्येक ठिकाणी कोसळले होते. चौदा मिनिटांचा फरक. हानशिन द्रुतगती मार्ग ६३५ मीटर लांबीत आडवा झाला होता. त्याची छायाचित्रे जगाने पाहिली आणि कोबेचा भूकंप म्हटले की आजही तीच आठवतात. निशिनोमियातल्या निकावा इथे घसरलेल्या उताराचे छायाचित्र फारसे कोणाला आठवत नाही. लाखभर घनमीटर माती घरांवर येऊन तिथे ३४ माणसे गाडली गेली.

सकाळी ७ नंतर.

उजाडल्यावर पोर्ट आयलंडच्या रस्त्यांवर राखाडी चिखल होता. दबलेले पाणी वाट काढून वर आले होते आणि येताना माती घेऊन आले होते. भराव नुसता ओतून ठेवला होता तिथली जमीन साधारण ३० ते ५० सेंटिमीटर खचली; जिथे तो दाबून-ठोकून घट्ट केला होता तिथे अगदी थोडी. माती तीच, बेट तेच, भूकंप तोच. शहराचे मोठे सार्वजनिक रुग्णालय याच बेटावर होते आणि मुख्य भूमीला जोडणाऱ्या पुलाचे नुकसान झाले होते. जखमी एकीकडे, रुग्णालय दुसरीकडे.

सकाळी १०.

ह्योगो प्रांताच्या राज्यपालांनी आत्मसंरक्षण दलाला मदतीची अधिकृत विनंती केली. चार तास उलटून गेले होते. या विलंबावर पुढे पुष्कळ टीका झाली. नागाता भागात आगी पसरत होत्या आणि नळखांबांना पाणी नव्हते, कारण जमिनीखालच्या वाहिन्या शेकडो ठिकाणी तुटल्या होत्या. वारा नव्हता, एवढेच काय ते नशीब.

दुपार, मग रात्र.

रस्ते बंद, लोहमार्ग बंद. मदत समुद्रातून यावी तर जहाज लावायचे कुठे? बंदरातले जवळजवळ सगळे धक्के निकामी. मायाचे ते तीन धक्के मात्र उभे होते. मदतीची जहाजे तिथे लागली.

बुधवार, १८ जानेवारी, सकाळ.

पूर्व कोबेच्या भराव टाकलेल्या किनाऱ्यावर द्रवरूप गॅसच्या टाकीची गळती हाताबाहेर जाऊ लागली आणि सुमारे ७० हजार लोकांना घरे सोडायला सांगण्यात आले. टाकी फुटली नव्हती. खालची माती समुद्राकडे वाहत गेली, तिच्याबरोबर वाहिनी ओढली गेली, आणि जोड सुटला.

नंतरचे दिवस.

पाणबुडे धक्क्यांच्या पायाशी उतरले. भिंत आणि दगडी थर यांच्यामध्ये घसरल्याच्या खुणा सापडतील अशी अपेक्षा होती, कारण संकल्पनात तोच धोका मुख्य धरलेला असतो. तशा खुणा नव्हत्या. पेट्या आपल्या दगडी बैठकीवरच होत्या. ती बैठकच खालच्या मुरुमात रुतून पुढे गेली होती. म्हणजे ज्या अपघाताविरुद्ध गणित केले होते तो झालाच नाही. काँक्रीटच्या पेट्या बहुतांशी शाबूत होत्या. निकामी झाले होते ते त्यांच्या भोवतीचे सगळे.

तानाताची भिंत उभी होती. तिचा माथा जास्तीत जास्त २६ सेंटिमीटर पुढे आला होता, जमिनीलगत १० सेंटिमीटर. आजूबाजूची घरे जमीनदोस्त झाली होती, म्हणजे हादरा काही मवाळ नव्हता. त्याच मार्गाला दुसऱ्या बाजूने खांबांवर उभारलेली, कितीतरी महाग अशी सळईची भिंत होती. तीही साधारण तेवढीच सरकली होती. जाळ्यांच्या भिंतीत काँक्रीट म्हणजे फक्त कातडी. भार माती आणि जाळ्या मिळून घेतात, त्यामुळे पाचर सुटतच नाही. सगळा ठोकळा एकसंध हलतो, थोडा वाकतो, आणि थांबतो. माझ्या मते कोबेने भिंतींबद्दल जे सिद्ध केले त्यात सर्वांत उपयोगी हेच होते. रेल्वेनेही तेच मानले. कोसळलेल्या भिंतींपैकी बऱ्याच याच पद्धतीने पुन्हा बांधल्या गेल्या आणि कोबेतला मुख्य लोहमार्ग १ एप्रिलला, ७४ दिवसांत, पूर्ण सुरू झाला. जपानच्या संकल्पन नियमांतही त्यानंतर भूकंपाच्या दोन पातळ्या आल्या : नेहमीच्या भूकंपात बांधकामाचे काही बिघडू नये, आणि क्वचित येणाऱ्या राक्षसी भूकंपात किती सरकलेले चालेल ते आधीच ठरवून ठेवावे.

मृतांचा अंतिम आकडा ६,४३४. बंदराची दुरुस्ती १९९७ मध्ये संपली. १९९४ मध्ये कंटेनर वाहतुकीत कोबे जगात सहावे होते. दोन वर्षांत जहाजे बुसान आणि इतर बंदरांकडे वळली, आणि ती जागा कोबेला पुन्हा मिळालेली नाही.

तिथल्या मेरिकेन पार्कमध्ये मोडलेल्या धक्क्याचा सुमारे ६० मीटरचा तुकडा जसाच्या तसा राखला आहे; कलंडलेले दिव्याचे खांबही तसेच आहेत. जपानला गेलात आणि कोबेत अर्धा दिवस मोकळा मिळाला तर तो जरूर पाहा. लोक कठड्यावरून समुद्राकडे झुकलेल्या भिंतीचे फोटो काढतात. तुम्ही तिच्या मागची खचलेली जमीनही पाहून घ्या.